पोटातला फोटो

वर्ध्यात माझं आणि माझ्या नणंदेचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, वाढदिवसाचे फलक, येईल ते काम करतो. आमच्या भांडणाचा विषय एकच, फोटो पानावर लावायचा कसा. मी लिंकवाली. फोटो आपल्या फोल्डरमध्ये राहतो, पानाला नुसता त्याचा पत्ता ठाऊक असतो. फाइल हलकी, आणि फोल्डरमधला फोटो बदलला की पानावरचाही बदलतो. नणंद एम्बेडवाली, म्हणजे फोटो थेट फाइलच्या पोटात घालणारी. तिची फाइल उघडायला घेतली की संगणक धापा टाकतो. तोवर मी चहा करून आणते आणि तिला सुनावते, "काऊन व, पत्रिका बनवली का हत्ती?"

"घरचं माणूस घरातच बरं, वहिनी," ती म्हणते.

आष्टीच्या काकूंचं काम आलं तेव्हाही हेच झालं. काकूंचं तिथे किराणा दुकान आहे, यजमान गेल्यावर त्याच ते चालवतात. मुलीचं लग्न ठरलं होतं आणि पत्रिकेत 'आशीर्वाद' लिहितात त्या कोपऱ्यात त्यांना यजमानांचा फोटो हवा होता, दुकानात गल्ल्यावर बसून हसतानाचा. ज्या मोबाइलमध्ये तो काढला तो कधीच बिघडला होता. फोटो उरला होता फक्त काकूंच्या भावाच्या पेनड्राइव्हवर.

"हासतानाचे हे एवढेच हायेत," पदराची गाठ सोडून पेनड्राइव्ह देताना काकू म्हणाल्या. "बाकी सगळ्या फोटोत रागावल्यावानी दिसतात."

पहिला नमुना नणंदेने केला, अर्थात फोटो पोटात घालून. त्यातला हिरवा गणपती काकूंना पटला नाही. दुसरा मी केला. काकूंची बस निघायची होती, त्यामुळे फोटो पेनड्राइव्हवरूनच लिंक केला, त्यांनी नमुना पसंत केला आणि पेनड्राइव्ह घेऊन त्या गेल्या. "तुझा तो हत्ती उडव आता," मी नणंदेला सांगितलं. ती बरं म्हणाली.

छापखान्यात पाठवायच्या दिवशी फाइल उघडली तर फोटोवर लाल खूण. लिंक तुटली होती. तुटणारच, पेनड्राइव्ह आष्टीला होता. मी काकूंच्या भावाला फोन लावला.

"त्याच्यात हळदीचे गाणे भरले न ताई," नवरीचे मामा आनंदाने म्हणाले. "जागाच नव्हती, मंग आधीचं सगळं साफ केलं."

फोन ठेवल्यावर मी मामांबद्दल जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मग छापखान्याला फोन केला, "भाऊ, आष्टीवाल्यांचं थांबवा. तुटलं ते. जोडाले गेली तं जुळूनच नाई राह्यलं."

मागे वळले तर दारात काकू. साड्यांच्या खरेदीला वर्ध्याला आल्या होत्या, वाटेत पत्रिका बघून जाऊ म्हणून डोकावल्या. त्या तिथेच पायरीवर बसल्या.

"काय तुटलं, ताई? पोराकडच्याइचा फोन आला का तुमाले?"

सोयरीक तुटल्यावर वरपक्ष पत्रिकावालीला कशाला फोन करेल, हे सुचायच्या स्थितीत त्या नव्हत्या. मी त्यांना पाणी दिलं, लग्न शाबूत आहे, फोटोची लिंक तुटली आहे, म्हणजे पानाला त्याचा पत्ता सापडत नाही, असं समजावलं. त्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी पडद्याकडे बघितलं.

"हे तं दिसून राह्यले."

"दिसतात काकू, पण नाहीत. ही नुसती सावली हाये. छापलं का सगळं पुसट येईन."

मला फार वाईट वाटलं. लग्न मोडलं असं वाटलं तेव्हाही काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते आता आलं.

नणंद उठली, माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसली आणि तिने हिरव्या गणपतीची फाइल उघडली. संगणक धापा टाकू लागला. त्या दिवशी मी चहाला उठले नाही. आधी गणपती आला, मग अक्षरं, आणि मग कोपऱ्यात काकूंचे यजमान, पुढच्या दातांतल्या फटीसकट हसत. नणंदेने तो फोटो पोटातून बाहेर काढून वेगळा ठेवला. मोठा करून बघितला, मागच्या बरणीतल्या गोळ्याही स्पष्ट दिसत होत्या.

"कुठी ठेवलंतं त्याइले?" काकूंनी विचारलं.

"पोटात," नणंद म्हणाली. काकू डोळे पुसता पुसता हसल्या.

"उडव म्हटलं होतं न तुले," मी सवयीने बोलून गेले.

"तू म्हणते म्हणून सगळंच उडवत बसू का?"

आता दुकानाचा नियम ठरला आहे. हयात माणसं लिंकवर, गेलेली पोटात. भांडण संपलेलं नाही, पण त्या एका कोपऱ्यापुरता तह आहे.

छापून आलेल्या पत्रिकांतली एक घेऊन काकू आमंत्रणाला आल्या. कुंकू लावून झालं, निघायला उठल्या आणि दाराशी थांबल्या.

"पोरगी आता पुण्याले चालली," त्या म्हणाल्या. "तिथचाच पत्ता राहीन तिचा. मंग ते लिंकवाली झाली का व?"

नणंदेने तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "नाई काकू. पोटातली."