तुटलेली एक वायर

रविवारी सकाळी घरातल्या वायरिंगच्या दुरुस्तीचे तीनशे रुपये ठरले. हजर मी, वायरमन आणि त्याची पिशवी धरून आलेली बायको.

लकव्याआधी हा माणूस ठरलेल्या पैशांवर पन्नास रुपये भांडूनच घ्यायचा. आता बोटं पूर्वीसारखीच चपळ आहेत, भांडण तेवढं गेलं. मेंदूचा फोटो मला दाखवत तो म्हणाला होता, "सारी लाइन चालू हाये जी, एकच वायर तुटली." ती भांडणाची असणार, हा माझा अंदाज.

काम झाल्यावर मी मुद्दाम दोनशेच पुढे केले.

"चालते जी," तो हसला. मला बरं वाटलं, मग लाज वाटली.

"काऊन हसून राहिले?" बायको त्याच्यावर कडाडली आणि माझ्याकडे वळली. "भाऊ, ह्यायची वायर तुटली. माझी शाबूत हाये!"

शेवटी साडेतीनशे दिले, तिच्या हातात.