शिंदेकाकू कॅमेऱ्यात सापडल्या

मंडळी, आज सकाळी माझ्याकडून एक वाईट गोष्ट झाली. ती इथेच कबूल करते.

एका लोकल चॅनलने क्लिप टाकलेली, "पालिकेच्या कॅमेऱ्याने पकडली कचरा टाकणारी!" आमच्या वर्तकनगरच्या कोपऱ्यावर एक बाई भिंतीशी काहीतरी ठेवून निघून जाते. चेहरा धूसर केलेला. मी ती लगेच बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकली, वर लिहिलं, "अशांना दंडच हवा."

तासाभराने खालच्या मजल्यावरच्या शिंदेकाकू मोबाईल घेऊन दारात.

"ती मीच आहे गं. काल यांचं श्राद्ध होतं. सोसायटीने गच्चीला कुलूप लावलंय, म्हणून कावळ्याचं पान तिथे ठेवलं."

मी माफी मागायला लागले, तर म्हणाल्या, "ते राहू दे. पुढे कावळा आलेला दिसतोय का, तेवढं बघ. मी खूप वेळ थांबले, मग गुडघे ऐकेनात."

त्यांचं ते थांबणं क्लिपमध्ये नाहीच. त्या पाठ फिरवतात आणि क्लिप संपते.

पालिकेकडे पुढचं रेकॉर्डिंग असेल ना? ते कुठे मागायचं, कुणाला माहीत असेल तर सांगा. काकू विचारतायत.