हाफबॅक नक्की काय करतो

माझं लग्न ज्याच्याशी ठरलं होतं तो मोंबासाला फुटबॉल खेळतो आणि खेळण्याचाच त्याला पगार मिळतो, एवढंच आमच्या घरी ठाऊक होतं. पगाराचं कुणालाच पटत नव्हतं. त्या दिवसांत खाडीकाठच्या आमच्या राजिवड्यात घरटी एक तरी माणूस बोटीवर असायचा, पण परमुलखात जाऊन खेळणारा एकही नव्हता. शेजारणी चिडवायच्या, "तुझा दादला लाथा मारून पोट भरतोय गो!" मीही हसायचे. राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. तो हाफबॅक आहे असं सगळे सांगत, आणि हाफबॅक म्हणजे काय विचारलं की जो तो विषय बदले.

अब्बा निवृत्त सारंग. डेकवरच्या खलाशांवर हुकूम चालवण्यात त्यांची उमर गेली होती, आणि माणूस पारखायचा तर त्यांना एकच पुस्तक ठाऊक होतं, खलाशाचं बुक. दर सफरीनंतर त्यात शिक्का पडतो, वागणूक कशी होती ते लिहिलं जातं. हिंदू शेजारी पत्रिका बघत, तशी आमच्याकडची बापेमाणसं सोयरीक करताना मुलाचं बुक बघत. मंगणी झाली तेव्हा याच्या बुकात चार सफरींचे चांगले शिक्के होते. मग तो मोंबासाला उतरला, तिथल्या एका क्लबनं त्याला ठेवून घेतलं, आणि आता लागत नाही म्हणून बुक त्यानं एका परतणाऱ्या खलाशाबरोबर आपल्या घरी धाडलं.

तीन वर्षांनी लग्नाची तारीख धरायला त्याचा मामा पावस गावाहून आला. अब्बांनी त्याच्याकडून बुक मागून घेतलं, पानं उलटली.

"ही पुढची सगळी कोरी हायत."

"फुटबॉलचा शिक्का मारत नायत हो, सारंग," मामा म्हणाला.

"मग तो कामाला हाय ह्यां मला कोण सांगणार?"

मामानं खूप समजावलं, पण अब्बा हटले नाहीत. मुलाला पत्र टाकतो, बकरी ईदपर्यंत पटेल असं उत्तर आलं नाही तर सोयरीक मोडली, असं सांगून त्यांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. आई चुलीपाशी बसून डोळे पुसत राहिली.

आता अब्बांना लिहिता यायचं ते सहीपुरतं. सातवीपर्यंत शिकलेली घरात मी एकटी, त्यामुळे घरची सगळी पत्रं माझ्या हातची. माझं लग्न मोडण्याची धमकी मीच, दौत-टाक घेऊन, वळणदार अक्षरात लिहिली. पगार कोण देतो, किती वर्षं देणार, आणि आजवर गोल किती मारले. गोलांचं अब्बांनी दोनदा लिहायला लावलं. सही करून ते नमाजाला गेले. सहीच्या वर दोन बोटं जागा उरली होती. मी तिथे लिहून टाकलं, "हाफबॅक नक्की काय करतो, तेही कळवावे." हे भलतंच धाडस झालं, हे पत्र पेटीत पडल्यावर ध्यानात आलं.

उत्तराची वाट बघवेना, तेव्हा ओहोटीच्या वेळी खडकांना चिकटलेली कालवं काढायच्या निमित्तानं मी पुळणीकडे जाऊ लागले. तिथे तरणे बापे फुटबॉल खेळत. मी वाळूत उभी राहून हाफबॅक शोधायचे. पंचवीस-तीस माणसं एकाच बॉलमागे धावत, बॉल खाडीत गेला की सगळी खाडीत. मधे थांबलेला एकच दिसला, पण तो धाप लागून बसला होता. मी टोपलीच्या तळाला चार कालवं घेऊन परत यायचे आणि आईच्या शिव्या खायचे.

ईद आठवड्यावर आली तेव्हा पत्र आलं. अब्बा पडवीत बसले, डोळे मिटून. मी वाचू लागले. पगार क्लब देतो, शिवाय सकाळी गोदीत काम आहे. गोल एकही नाही.

अब्बांच्या कपाळावर आठी पडली. तो आकडा वाचताना दहा म्हणावं, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. त्यांना कुठं वाचता येत होतं! पण खोटं वाचायचं तर पुढची ओळ आधी डोळ्यांखालून घालायला हवी होती, आणि तेवढा धीर मला नव्हता. मी पुढे वाचत सुटले.

"हाफबॅक काय करतो असे आपण विचारलेत..."

अब्बांनी डोळे उघडले. "ह्यां मी कधी इचारलं?"

मी कागद तोंडापुढे धरला. अब्बा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वाच गो."

त्यानं लिहिलं होतं: "पुढचे गोल मारतात, मागचे अडवतात, मी मधे. अडवलेला बॉल घ्यायचा आणि मारणाऱ्याच्या पायात द्यायचा. पण खरे काम बॉल येण्याच्या आधीचे. मान वळवून कोण कुठे आहे ते बघून ठेवावे लागते. बॉल आल्यावर बघू म्हणणाऱ्याला वेळ मिळत नाही. तीन वर्षांत मला सगळ्यांनी गोल विचारले. हे पहिल्यांदा आपणच विचारलेत, म्हणून जास्त लिहिले, माफी असावी. गुडघा दुखावला आहे. पुढच्या वर्षी क्लब ठेवील की नाही सांगता येत नाही. तेव्हा मुलगी द्यावी की नाही, हे आपण ठरवावे."

अब्बांनी मधला भाग पुन्हा वाचायला लावला.

"माझ्या काय डोक्यात शिरला नाय," शेवटी ते उठत म्हणाले. "पण सवाल तुझा, जवाब तुला आलाय. काय कळवायचां तां तूच कळव."

ते काठी घेऊन खाडीकडे निघून गेले. घरातलं कुणी मला काही ठरवायला सांगतंय, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मला आनंद झाला होता आणि भीतीही वाटत होती. लग्नाची तारीख, होकार, सलाम, काय काय लिहायला हवं होतं. कोरा कागद पुढे घेतला आणि लिहिलं, "गुडघा कोणता, डावा की उजवा?" खाली सही माझी केली.