कातरलेल्या मेंढ्या आणि एकच टेक

पिरंगुटच्या एका कारखान्यात मी सुटे भाग तपासतो. भाग मापात बसला तर पुढे, नाही तर बाजूला. शंका आली तर पुन्हा मोजायचा. पन्नाशीच्या तोंडावर मी चित्रपट दिग्दर्शनाच्या रविवारच्या वर्गात नाव घातलं, तेव्हा हेही तसंच काम असेल असं वाटलं होतं. चौकट आखायची, उजेड बघायचा, चुकलं तर पुन्हा घ्यायचं.

वर्गात पहिलं चित्रण दाखवलं. कासार आंबोलीतल्या आमच्या घरात बायको चहा करते, एवढंच. शिकवणाऱ्या बाई माझ्याहून बऱ्याच लहान. त्या म्हणाल्या, "काका, मापं सगळी बरोबर आहेत. पण आत माणूस नाहीये."

घरी सांगितलं, तर बायको म्हणाली, "मग मी काय भूत हाय व्हय?"

ती बोलून मोकळी झाली. मला मात्र ते लागलं. शेवटच्या वर्गात प्रत्येकाने स्वतःची छोटी फिल्म सगळ्यांना दाखवायची होती. आपल्या फिल्ममध्ये माणूस दिसलाच पाहिजे, असं मी ठरवलं.

गोष्ट साधी निवडली. संध्याकाळी मेंढरं परततात, त्यांतली एक येत नाही, आणि वाट बघणाऱ्या बाईच्या ते लक्षात येतं. मेंढरं माझ्या चुलत्यांची. त्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो. बाईचं काम बायकोला दिलं. एका रविवारी कळप माळावरून उतरताना लांबून टिपला. दाट, मळकट लोकरीचा तो लोंढा तिरप्या उन्हात असा काही दिसला की मी घरी येऊन चारदा पाहिला. मेंढरं वाड्यात शिरतानाचे जवळचे शॉट पुढच्या रविवारी घ्यायचे होते.

पुढच्या रविवारी मोबाइल आणि तो उभा करायचं तिकाटणं घेऊन पोचलो, तर सगळी मेंढरं कातरलेली. गुळगुळीत, निम्म्या अंगाची. तात्या हसत पुढे आले.

"कशी दिसत्यात? शूटिंग हाय म्हनून मुद्दाम कातरून घेतली."

"तात्या, माळावर लोकर आणि दारात येईपर्यंत गायब! लोक काय म्हणतील?"

"आरं, लग्नाला जाताना तू दाढी करतूयास न्हवं? मग त्यांनीच तसं उबं ऱ्हायाचं व्हय?"

सोमवारी मला कारखाना होता आणि मंगळवारी तात्या कळप घेऊन ताम्हिणी घाटातून कोकणात उतरणार होते. माळ आणि वाडा दोन्ही नव्याने टिपायला आता उजेड पुरणार नव्हता. कागदावर आखलेल्या वाड्याच्या प्रत्येक शॉटमध्ये मेंढरं होती.

मी दगडावर बसून राहिलो. समोर बायकोची तालीम चालली होती. तोंडाला पदर लावून ती हुंदके देत होती आणि मधेच थांबून विचारत होती, "बरं वाटतंय का?" बरं वाटत नव्हतं. वाईट रडत होती. तिला बघता बघताच सुचलं, की मेंढरं दाखवायचीच नाहीत. नुसता तिचा चेहरा दाखवायचा. कळप चौकटीच्या खालून जाईल. त्याची धूळ दिसेल, घंटा ऐकू येतील. आणि तिला रडायला सांगायचं नाही, बघायला सांगायचं.

कळपात एक काळी मेंढी होती. तिची आई मेल्यावर बायकोने बाटलीने दूध पाजून तिला वाढवलं होतं. मी तात्यांच्या कानात सांगितलं. कळप वाटेला लावून ते काळीला धरून करवंदीच्या जाळीमागे बसले.

"रडू नको," मी बायकोला म्हणालो. "काळी आत गेली की मान हलव. मी कॅमेरा बंद करतो."

मेंढरं आली. बायको शांतपणे बघत होती. एका धडपडणाऱ्या कोकराला हसलीसुद्धा. मग तिची नजर मागच्या मेंढरांवर गेली, परत पुढे आली, पुन्हा मागे गेली. घंटा विरळ झाल्या, थांबल्या. ती एक पाऊल पुढे सरकली आणि माळाकडे बघून ओरडली, "तात्या! माझी काळी कुटं हाय?"

तात्या मेंढीला घेऊन बाहेर आले. बायकोने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"दर ऐतवारी ह्योच धंदा शिकाय जाता व्हय? मेंढरं लपवाय?"

मी सवयीने म्हणालो, "एकदा परत घेऊ या. खात्री नको का?"

"घ्या की. पर आता मला ठावं हाय ती कुटं हाय."

मी तिकाटणं मिटलं. दुसऱ्यांदा न तपासता पुढे पाठवलेली ही माझी पहिलीच वस्तू.

शेवटच्या वर्गाला बायको माझ्याबरोबर आली. फिल्म संपल्यावर बाईंनी तिच्या चेहऱ्याचा भाग पुन्हा लावायला सांगितला. मग तिला विचारलं, "आधी कुठे अभिनय केलाय का तुम्ही?"

"अभिनय कसला, बाई? ह्यांनी मेंढी लपवली."

सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काका, यालाच दिग्दर्शन म्हणतात."

सोमवारी कारखान्यात मी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं, एकही शब्द न वाढवता. पण ज्याला त्याला सांगितलं.