धानावर पाय

केशोरीजवळच्या आमच्या घरात धानाची ढोली मागच्या खोलीत असायची. बांबूची विणलेली, शेणामातीनं सारवलेली, माणसाहून उंच. मळणी नुकतीच झालेली, म्हणून काठोकाठ भरलेली. मी माहेरून निघाले होते, गोंदियाची बस धरायची होती. पायात सँडल चढवले तेवढ्यात माय म्हणाली, "थांब व, नवं धान देतो, मिलमधून भरडून घेशील." आणि ती आत गेली.

तेवढ्यात जमीन हलली. हलली कसली, धडधडत सुटली! छपराचे कवेलू कोसळले, मागची भिंत आत पडली आणि तिच्या धक्क्यानं ढोली आडवी होऊन फुटली. धूळ जरा बसली तेव्हा खोलीत कमरेच्या वर नुसतं धान होतं. माय कुठंच दिसेना.

मी तशीच धानावर चढले. ओरडत, दोन्ही हातांनी उपसत सुटले. उपसावं तेवढं वरून घसरत होतं, मेलं कमीच होईना! पुन्हा एक हादरा आला. उरलेल्या भिंतीतून माती झरायला लागली.

मागं वळून बघते तर बाबा दारात चपला काढत होते. मग वाकून धानाला हात लावला, तो कपाळाला टेकवला. माझं डोकंच फिरलं.

"माय मरून राहिली आन् तुम्ही चपला कायले काढता?"

"लक्ष्मी हाय ते," एवढंच बोलून ते आत आले. असा संताप आला मला त्यांचा, की ढकलून द्यावंसं वाटलं. मी इतका वेळ उभी होते तिथंच त्यांनी पाय टाकला आणि ते थबकले.

"सरक! बांगडी लागून राहिली पायाले."

दोघांनी तिथंच उपसलं. आधी हात निघाला, मग केस, मग तोंड. नाकातोंडात धान. बाबांनी ते बोटानं काढलं. माय श्वासच घेईना. मग एकदम खोकली, आणि मी हंबरडा फोडला.

अंगणात आणून निजवलं. डोळे उघडल्यावर या बाईनं पहिलं काय विचारावं?

"धानावर कोणी चपला घालून त नाही ना चढलं?"

तिच्या हाताच्या पाठीवर माझ्या सँडलच्या तळव्याची नक्षी लालभडक उमटली होती. मी बघितली. बाबांनीही बघितली.

"कोणीच नाही व," ते म्हणाले, आणि खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी तिचा तो हात झाकला.