अर्धे सभासद

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी अमेरिकेचा इतिहास माझ्या वाट्याला आला. बदलापूरला मांजर्लीत आमचं दोन खोल्यांचं घर, आणि मला मोठ्यानं वाचल्याशिवाय काही पाठ व्हायचं नाही. त्यामुळे माझ्या वडिलांना, अण्णांना, अमेरिका ऐकावीच लागायची. अंबरनाथच्या कारखान्यातून ते नुकतेच निवृत्त झाले होते आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता.

धडा असा होता. उत्तरेकडच्या वसाहतींत पहिली माणसं समुद्र ओलांडून गेली ती धर्मासाठी. नातवंडांच्या काळात मासळी, लाकूड, जहाजं यांचा व्यापार फोफावला आणि प्रार्थनेला माणसं कमी पडू लागली. चर्चचं पूर्ण सभासद व्हायचं तर सगळ्यांसमोर उभं राहून धर्म आपल्याला आतून कसा पटला ते सांगावं लागे. नातवंडांना ते सांगता येईना. मग थोरल्यांनी तोड काढली. अशांना अर्धे सभासद धरायचं, त्यांच्या मुलांना बाप्तिस्मा द्यायचा, फक्त प्रभुभोजनाला, त्यांच्या पवित्र भाकरीच्या पंगतीला, बसवायचं नाही.

अण्णा खाटेवर उठून बसले. "अर्धे सभासद? अगं, अर्धी दीक्षा असते का कधी?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "असते म्हणा. आपल्या घरातच एक आहे."

टोला मला होता. छप्पन साली त्यांनी आपल्या वडिलांचा हात धरून दीक्षा घेतली होती. मला सगळं जन्मतःच मिळालेलं, म्हणून मी निवांत. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, अण्णा रोज संध्याकाळी वस्तीच्या विहारात धम्मग्रंथ वाचायचे. मी कधी जायचे, कधी नाही.

त्या वर्षी विहार ओस पडला. वस्तीतल्या बायका उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून जीन्सचे गठ्ठे घरी आणून शिलाईचे धागे कापायच्या. सकाळी माल पोचवायचा, तर संध्याकाळी रिकामं कोण असणार? अण्णा चार म्हाताऱ्यांसमोर वाचायचे. एकदा घरी येऊन त्यांनी विचारलं, "त्या अमेरिकावाल्यांचं पुढं काय झालं? आली का माणसं?"

"आली थोडी," मी वहीतून डोकं वर न काढता म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते घरोघर फिरले. "गठ्ठे घेऊन विहारात या. हात कामात, कान माझ्याकडे." म्हातारे भडकले. हा विहार आहे की कारखाना? अण्णा म्हणाले, "कारखान्यात जन्म गेला माझा. तिथं काही मला विटाळ झाला नाही."

बायका आल्या. बुद्धमूर्तीसमोर निळ्या पँटींचे ढीग, कटरची कुटकुट आणि त्यातून अण्णांचा आवाज. दोन महिन्यांत मात्र त्यांना अक्षर दिसेनासं झालं. ग्रंथ बल्बाला टेकवून ते अडखळत वाचायचे. मग म्हणाले, "शेवटच्या दिवशी तू वाच गं." एवढी एकच गोष्ट त्यांनी माझ्याकडे मागितली.

मी सहामाही परीक्षेचं कारण सांगितलं. परीक्षा आदल्या दिवशीच संपली होती. त्या गठ्ठ्यांत बसायची मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही. त्या संध्याकाळी मी कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर कॅम्प दोनच्या बाजारात बांगड्या बघत होते.

शेवटची पानं शेजारच्या मावशींनी वाचली. प्रौढवर्गात अक्षरं शिकलेल्या त्या, कटर खाली ठेवून, ओळीखाली जीन्सच्या रंगानं निळं झालेलं बोट धरून, एकेक अक्षर जुळवत. फार वेळ लागला, पण कोणी उठलं नाही म्हणे. "मावशींनी छान वाचलं," एवढंच अण्णा म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

वार्षिक परीक्षेत अर्ध्या सभासदांचा प्रश्न आला. मी तो झकास लिहिला.

अण्णा गेल्यावर तो ग्रंथ माझ्याकडे आला. आता वर्षावासात मीच वाचते. जीन्सचे गठ्ठे कधीच बंद झाले, आणि ती कुटकुट ऐकायला जीव तुटतो. शेवटच्या चार पानांवर प्रत्येक ओळीखाली मावशींच्या बोटाचा निळा डाग आहे. तिथं आले की मी अडखळते. समोरच्यांना वाटतं, बाईंचा चष्मा बदलायला झाला. मी त्या डागांवर बोट ठेवते आणि अण्णांनी मला वाचायला सांगितलेलं वाचते.