वाघुरीची गाठ

शहागडच्या पुरात आमची नदीकाठची घरं वाहून गेली, तेव्हा हायवेपलीकडच्या माळावर सरकारी घरं मिळाली. वर स्लॅब, लोखंडी दार, भक्कम कडी. माझ्या शेजारी आसरामावशी. ती मात्र घरात पाऊल ठेवायला तयार नाही; बाहेर ओट्यावरच गोधडी टाकून पडायची. म्हातारीची नाटकं, असं मी तोंडावर म्हणाले. मी फटकळच आहे.

खरं तर मला सगळं ठाऊक होतं. मावशी धनगराची. खतासाठी लोक तिच्या मेंढ्या आपल्या रानात बसवून घ्यायचे आणि कळपाभोवती ती वाघूर, म्हणजे दोरीचं जाळं लावायची. पुराच्या दिवशी कळप नदीकाठी होता. लांडगा फिरत होता म्हणून तिनं वाघुरीला दुहेरी गाठ मारली आणि भाकरी खायला घरी आली. तेवढ्यात पाणी चढलं. ती धावत गेली, पण भिजलेली गाठ काही सुटेना. विळा घरीच राहिलेला. लेकानं, गोरक्षनाथनं, तिला ओढून बाहेर काढलं. मेंढ्या आतच राहिल्या.

परवा घरं तपासायला तहसीलचे साहेब आले. म्हातारीला ओट्यावर बघून म्हणाले, घर वापरत नाहीत म्हणजे यांना गरज नाही, दुसऱ्याला देऊ. असा राग आला मला! गोरक्षनाथ तर बायकोला घेऊन ऊसतोडीला निघाला होता.

"माय, आत राह्य. हे बी घर गेलं तर कुठं जायचं? अन् कडी बराबर लाव, हायवे हाय," एवढं सांगून तो गेला.

मावशी निमूट आत गेली. थोड्या वेळानं आवाज सुरू झाला. कडी लावायची, काढायची, परत लावायची. वैतागून मी दार ढकललं. ती घामानं निथळत उभी होती, हात कडीवर.

"पाणी आल्यावर ही निघाली न्हाई तर?"

"माळावर कुठलं पाणी, मावशी?"

"त्या रानात तरी कधी आल्तं?"

मी घरून पाना आणला आणि कडीच काढून टाकली. तिनं दार लोटून पाहिलं, परत लोटलं. मला वाटलं, चला, सुटली बाई.

ती उंबऱ्यावर बसली आणि हमसून रडायला लागली.

"माझी कडी काढाया तू आलीस गं. त्यांची गाठ तर मीच मारल्ती."